पाचवीचे वर्ष : वार्षिक परीक्षा, शिष्यवृत्ती, नवोदय आणि घरची तयारी

"आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत," हे वाक्य आजही वस्तीवस्तीत ऐकू येते. ते आता खरे राहिलेले नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 मधील कलम 16 प्रमाणे पहिली ते आठवीपर्यंत मुलाला कोणत्याही वर्गात मागे ठेवता येत नव्हते. 2019 मध्ये संसदेने या कलमात दुरुस्ती केली, पाचवी व आठवीच्या शेवटी नियमित परीक्षेची तरतूद आणली आणि नापास मुलाला त्याच वर्गात ठेवायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार राज्यांना दिला. महाराष्ट्राने मे 2023 मध्ये आपले नियम बदलले आणि 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा सुरू झाली. म्हणजे आज पाचवीत बसलेले मूल नापास होऊ शकते. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी शाळेत टिकून आहे, त्या घराला ही गोष्ट जूनमध्येच माहीत असायला हवी. अनेकांना ती कळते निकालाच्या दिवशी.

पाचवीचे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथी-पाचवीवरच संपतात. पुढची शाळा दुसऱ्या गावी असते, तिथे वर्गात नवी मुले असतात आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक येतात. गळतीची सुरुवात पुष्कळदा इथूनच होते, आणि मुलींच्या बाबतीत जास्त. म्हणून पाचवीच्या तयारीचा विचार करताना सहावीचाही विचार हवा. नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षाही याच वर्षी येते.

आजोबांची 'फायनल'

प्राथमिक शाळा संपताना मोठी परीक्षा असणे हे आपल्याकडे नवे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत सातवीची व्हर्नाक्युलर फायनल असे. ती पास झालेला माणूस शाळामास्तर होऊ शकत असे. जुन्या लोकांच्या तोंडी 'आमचे बाबा फायनल झाले होते' हे शब्द आजही ज्या अभिमानाने येतात, त्याचे कारण हे आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही एका शालेय परीक्षेला मोठे स्थान आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी ही हकीकत सांगितली आहे. ते इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील लोकांना सत्काराची सभा घ्यायची होती. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एक परीक्षा पास झाला एवढेच तर आहे, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी मध्यस्थी केली, सभा झाली आणि केळुस्करांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. (चरित्रकार हा प्रसंग बहुधा 1907 च्या मॅट्रिकनंतरचा म्हणून सांगतात. बाबासाहेबांच्या स्वतःच्या लिखाणात मात्र चौथीचा उल्लेख आहे.) आपण या प्रसंगातले पुस्तक लक्षात ठेवतो. रामजींचा नकारही लक्षात ठेवण्यासारखा आहे. दहा वर्षांच्या मुलाचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावण्याची जी घाई आज दिसते, तिने मुलाचे भले होते असे मला वाटत नाही. शेजारच्या घरातल्या, थोडक्यात हुकलेल्या मुलाचे तर नाहीच होत.

नेमक्या कोणत्या परीक्षा?

पहिली, शाळेची वार्षिक परीक्षा. पाचवीत प्रत्येक विषयाला 50 गुण आहेत. त्यात लेखी परीक्षेचा वाटा मोठा आणि थोडे गुण तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात 35 टक्के गुण लागतात. सवलतीच्या गुणांची तरतूदही आहे. नापास झाले तर लगेच वर्ग जात नाही. कायद्यातच लिहिले आहे की मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यायची. तिच्यातही अपयश आले तरच त्याला पाचवीत ठेवता येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता मात्र येत नाही. 'नाव कमी करतो' असे कुणी म्हटले तर ते बेकायदेशीर आहे, हे पालकांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरी, शिष्यवृत्ती परीक्षा. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. अनेक वर्षे ही परीक्षा चौथी आणि सातवीला होती. 2016-17 पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तुमच्या वस्तीतल्या ताई-दादांनी दिलेल्या जुन्या पुस्तकावर 'इयत्ता पाचवी' लिहिलेले असले, तरी यंदा आपले मूल कोणत्या इयत्तेत या परीक्षेला बसणार हे मुख्याध्यापकांकडून विचारून घ्या. परीक्षेचा साचा असा : दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण आणि दीड तास. पहिलीत प्रथम भाषा आणि गणित, दुसरीत इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. भाषांचे 25-25 प्रश्न, गणित आणि बुद्धिमत्तेचे 50-50. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दोन्ही पेपरांत किमान 40 टक्के मिळाले तर मूल पात्र ठरते, पण शिष्यवृत्तीची रक्कम गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच मिळते. पात्र झाला म्हणजे पैसे मिळतील असे समजून नंतर निराश होणारे पालक दर वर्षी असतात. अर्ज शाळेच्या लॉगिनमधूनच भरला जातो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे.

तिसरी, जवाहर नवोदय विद्यालयाची निवड चाचणी. नवोदयची देशातली पहिली दोन विद्यालये 1985-86 मध्ये सुरू झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. सहावी ते बारावी निवासी शिक्षण, राहणे-जेवण-पुस्तके-गणवेश मोफत, आणि सहावीच्या एका वर्गात साधारण 80 जागा. परीक्षा पाचवीत असतानाच द्यायची आणि एकदाच देता येते. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. त्यात मानसिक क्षमता चाचणीचे 40 प्रश्न 50 गुणांचे, अंकगणिताचे 20 प्रश्न 25 गुणांचे आणि भाषेचे 20 प्रश्न 25 गुणांचे. पेपर मराठीतून देता येतो. इथेही गुण कापले जात नाहीत.

नवोदयच्या जागांपैकी किमान 75 टक्के ग्रामीण मुलांसाठी आहेत, किमान एक तृतीयांश मुलींसाठी. अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात असतात आणि राष्ट्रीय प्रमाणापेक्षा, म्हणजे 15 व साडेसात टक्क्यांपेक्षा, कमी नसतात. ग्रामीण कोट्याची अट मात्र कडक आहे. तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील शाळेत झालेली हवीत. या काळात एक दिवस जरी शहरातील शाळेत नाव असले तरी मूल शहरी धरले जाते. शिवाय पाचवी त्याच जिल्ह्यात शिकत असले पाहिजे. मामाकडे शहरात चार महिने शिकायला पाठवण्यापूर्वी किंवा कामासाठी जिल्हा बदलण्यापूर्वी हा नियम आठवावा.

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी तर हाच सगळ्यात अवघड पेच आहे. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, आणि नवोदयची परीक्षा, शिष्यवृत्ती व वार्षिक परीक्षेची तयारी नेमकी त्याच महिन्यांत येते. मूल मागे ठेवायचे तर कुणाकडे? आजी असेल तर आजीकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत सप्टेंबरच्या आत पोचली पाहिजे. टोळी निघाल्यावर अर्ज करून उपयोग नसतो. एखाद्या गावात कार्यकर्त्यांनी वर्षभरात एकच काम करायचे ठरवले, तर ते हे करावे.

आधी बघा, मूल वाचते का

गाईड आणण्यापूर्वी एक साधी चाचणी घ्या. 'असर' सर्वेक्षणात वर्षानुवर्षे वापरतात तीच पद्धत घरी चालते. दुसरीच्या मराठी पुस्तकातला एक परिच्छेद मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. अडखळत, अक्षर जुळवत वाचत असेल तर परिच्छेद सोडून सोपी वाक्ये द्या. तीही जमत नसतील तर शब्द, मग अक्षरे. गणितात हातच्याची दोन अंकी वजाबाकी द्या (जसे 52 मधून 37), मग तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगा. दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होते. या चाचणीत मूल चुकले तर रागवायचे नाही, 'इतकी वर्षे काय केलेस' असे म्हणायचे नाही. त्याला पाचवीपर्यंत असे येऊ दिले ते मोठ्यांनी.

जे मूल दुसरीचा परिच्छेद वाचू शकत नाही, त्याला नवोदयची गणिते देणे निरर्थक आहे. त्याचे पहिले तीन महिने फक्त वाचनाचे. रोज वीस मिनिटे, मोठ्याने. पुस्तक कोणतेही चालेल, गोष्टीचे असेल तर उत्तम. आई-बाप निरक्षर असले तरी हे काम करू शकतात. मुलाने वाचायचे, आईने भाकरी थापता थापता ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "मग त्या कोल्ह्याचं काय झालं?" गोष्ट तिला कळली नाही तर मुलाने वाचले नीट नाही, किंवा वाचले पण समजले नाही. शिक्षकापेक्षा ही कसोटी कमी प्रतीची नाही.

भाषेच्या पेपरात बहुतेक गुण उताऱ्यावरील प्रश्नांचे असतात, आणि तिथे आपली मुले एका ठरावीक जागी अडतात. घरात 'व्हतं', 'पानी', 'म्या', 'कामून' असते आणि उताऱ्यात 'होते', 'पाणी', 'मी', 'कशासाठी'. घरची बोली चुकीची नाही. ती चुकीची आहे असे मुलाला सांगितले की ते वर्गात तोंड उघडणे बंद करते. त्यापेक्षा खेळ करा. आजी जे बोलली ते पुस्तकात कसे लिहितील? दहा वाक्ये रोज. महिनाभरात मुलाला दोन्ही भाषा वेगवेगळ्या ओळखता येतात, आणि शुद्धलेखनातला न-ण, श-ष हा गोंधळही कमी होतो.

गणित : चुका कुठे होतात

मराठी संख्यावाचन हा पहिला खड्डा आहे. आपण 'त्रेपन्न' म्हणताना आधी तीन आणि मग पन्नास म्हणतो, त्यामुळे ऐकून लिहिताना मुले 35 लिहून मोकळी होतात. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ, एकोणऐंशी या संख्या तर मोठ्यांनाही चकवतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'पन्नास तीन' अशी पद्धत आणली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. ज्यांनी थट्टा केली त्यांच्यापैकी किती जणांनी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला संख्या शिकवली होती, कोण जाणे. रोज दहा संख्या तोंडी सांगून लिहून घ्या. मोठ्या संख्यांत शून्याची जागा तपासा. 'चार लाख सात हजार बावन्न' हे 4,07,052 असे लिहायचे असते. पुष्कळ मुले मधली शून्ये गिळतात.

अपूर्णांकात एक चूक सार्वत्रिक आहे. 1/3 मोठा की 1/2? तीन मोठे म्हणून 1/3 मोठा, असे मुले म्हणतात. भाकरी घ्या. दोघांत वाटली तर किती मिळते, तिघांत वाटली तर किती? मग पुस्तक उघडा.

पाढे वीसपर्यंत पाठ हवेत, यात तडजोड नको. लसावि-मसावि, नफा-तोटा, सरळव्याज, वेळ-काम, परिमिती-क्षेत्रफळ, कोन हे नवोदय आणि शिष्यवृत्तीचे नेहमीचे घटक आहेत. शाब्दिक उदाहरणांत मूल अडते ते बहुधा गणितामुळे नाही, प्रश्न न समजल्यामुळे. म्हणून उदाहरण सोडवण्यापूर्वी मुलाने ते स्वतःच्या शब्दांत सांगायचे. दोन उदाहरणे बघा.

तीन घंटा अनुक्रमे 6, 8 आणि 12 मिनिटांनी वाजतात. सकाळी 8 वाजता एकत्र वाजल्या, तर पुन्हा एकत्र कधी वाजतील? इथे लसावि काढायचा, 24. उत्तर 8 वाजून 24 मिनिटे. 'पुन्हा एकत्र' हे शब्द दिसले की लसावि, आणि 'जास्तीत जास्त मोठा समान तुकडा' असे काही दिसले की मसावि, एवढी खूण मुलांना पुष्कळ पुरते.

दुसरे, बाजारातले. आईने मेथीच्या 20 जुड्या 160 रुपयांना घेतल्या. चार खराब निघाल्या. उरलेल्या 10 रुपयांना एक अशा विकल्या. नफा की तोटा? 16 जुड्यांचे 160 रुपये आले, म्हणजे ना नफा ना तोटा. ज्या मुलाची आई खरोखरच आठवडी बाजारात बसते, ते मूल हे गणित तोंडी पटकन सांगते आणि कागदावर चुकते. त्याला कागदावरची मांडणी शिकवायची आहे, गणित नव्हे. हा फरक ओळखणारा शिक्षक मिळाला तर मुलाचे नशीब.

चुकांची एक वेगळी वही ठेवा. चुकलेले उदाहरण तिच्यात उतरवायचे, बरोबर रीत लिहायची आणि आठवड्याने कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचे. परीक्षेच्या आदल्या महिन्यात नवीन काही न घेता हीच वही चाळावी.

आकृत्यांचे प्रश्न

नवोदयमध्ये निम्मे गुण मानसिक क्षमतेचे आहेत आणि हे सगळे प्रश्न आकृत्यांचे असतात. वेगळी आकृती ओळखा, तशीच आकृती शोधा, अपुरी आकृती पूर्ण करा, मालिका, समसंबंध, आरशातील प्रतिमा, कागदाची घडी घालून छिद्र पाडणे, तुकडे जोडणे, लपलेली आकृती. हे शाळेत शिकवले जात नाही, आणि म्हणून पालक घाबरून महागडा क्लास लावतात. खरे तर एवढे स्वस्तात शिकता येणारे दुसरे काही नाही. आरसा घरात असतो. घड्याळ आरशासमोर धरा : 3 वाजून 20 मिनिटे झाली असतील तर आरशात 8 वाजून 40 मिनिटे दिसतात. दोन्ही वेळांची बेरीज 12 तास येते, हे मुलाने आपले आपण शोधले तर ते विसरत नाही. जुने वर्तमानपत्र घ्या, चौकोन कापा, दोनदा घडी घाला, एक छिद्र पाडा आणि उघडण्यापूर्वी विचारा, छिद्रे किती आणि कुठे? चार. प्रत्येक घडीची रेष म्हणजे आरसा. पन्नास कागद फाडून झाले की पुस्तकातल्या आकृत्या मुलाला डोक्यात उलगडता येऊ लागतात. हे काम धाकटी भावंडेही आनंदाने करतात.

शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत आकृत्यांखेरीज अक्षरमाला, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, रांगेतील क्रम आणि दिनदर्शिका येतात. नातेसंबंधाच्या प्रश्नांत 'आत्याच्या भावाची मुलगी' असले काही आले की आपल्या घरातली माणसे जागेवर ठेवून बघायची.

इंग्रजीबद्दल थोडक्यात : रोज पाच शब्द, पाच वाक्ये, आणि पाठ्यपुस्तकातल्या सूचना वाचून समजणे. रंग, वार, महिने, वेळ, नाती, प्राणी, विरुद्धार्थी शब्द यांवर बरेच प्रश्न येतात. परिसर अभ्यासासाठी पाठ्यपुस्तक पुरेसे आहे. प्रत्येक धड्याखालचा स्वाध्याय मुलाने स्वतः लिहिला पाहिजे, गाईडातून उतरवलेला नको.

गोल रंगवणे आणि वेळ

शिष्यवृत्ती आणि नवोदय या दोन्ही परीक्षांत उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने गोल रंगवायचा असतो. एकदा रंगवलेला गोल खोडता येत नाही. हुशार मूलही पहिल्यांदा ही उत्तरपत्रिका पाहून बावरते, एक प्रश्न सोडून पुढचा सोडवते आणि गोल मात्र सोडलेल्या क्रमांकाचा रंगवते. मग पुढचे सगळे घसरते. म्हणून नमुना उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स काढून किमान दहा सराव पेपर त्यावरच सोडवून घ्या. नवोदयला प्रत्येक प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते, शिष्यवृत्तीला 72 सेकंद. न येणारा प्रश्न सोडून पुढे जायला शिकवावे लागते, ते आपोआप येत नाही. आणि गुण कापले जात नसल्याने शेवटची पाच मिनिटे राखून उरलेले गोल रंगवूनच पेपर द्यायचा. जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात, पाठ्यपुस्तके बालभारतीच्या. यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही.

कागदपत्रे

अभ्यास चांगला होऊनही कागदांवरून प्रवेश अडतो, आणि आपल्या समाजात हे जास्त घडते. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने 1990 च्या कायद्याने दिला. नवोदय केंद्र सरकारचे असल्याने राखीव जागेवर निवड झालेल्या मुलाचे अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र केंद्राच्या कामी चालणाऱ्या नमुन्यात लागते. शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असेल तर मूळ जातीचा पुरावा वडील, आजोबा किंवा चुलत्यांच्या कागदांतून उभा करावा लागतो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावाही मागतात. आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना सातबारा हे शोधायला महिने लागतात. निकाल लागल्यावर सेतू केंद्रासमोर रांग लावण्यापेक्षा पाचवीच्या उन्हाळ्यापूर्वी, शक्यतो चौथीतच, प्रमाणपत्र काढून ठेवा. मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख आधारवर, शाळेच्या रजिस्टरवर आणि अर्जावर अक्षर न अक्षर सारखी आहेत का, तेही याच वेळी तपासा.

मुलीला पाचवीपासून सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती लागू होते. शाळेने तिचा प्रस्ताव पाठवला का, हे विचारायला पालकांनी संकोच करू नये. नवोदयला निवड झाली नाही तर सामाजिक न्याय विभागाच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा आहेत. त्यांत सहावीपासून प्रवेश मिळतो. तालुक्यातली अशी शाळा जाऊन बघा. ज्यांनी ती पाहिलेली नाही तेच तिच्याबद्दल जास्त बोलतात.

विहारातली अभ्यासिका

तरुणांनी काय करावे हा प्रश्न नेहमी येतो. संध्याकाळी दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, पंधरा ते वीस मुले, दोन ताई-दादा. इतके पुरते. पहिला अर्धा तास वाचन, मग गणित, शेवटी आकृत्या किंवा खेळ. सुरुवातीच्या चाचणीवरून मुलांचे गट करा, इयत्तेवरून नको. चौथीतले मूल पाचवीच्या गटात चालते आणि उलटही. मुलींच्या परतण्याची सोय आधी ठरवा, नाहीतर महिन्याभरात अभ्यासिकेत फक्त मुलगे उरतात. भाषणे नकोत. दिवसभर शाळेत बसून आलेल्या मुलाला समाजाच्या इतिहासावरचे अर्धा तासाचे व्याख्यान ऐकवणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. मुले तिसऱ्या दिवशी येईनाशी होतात.

शाळेशी भांडणापेक्षा शाळेत जाणे उपयोगी पडते. पालकसभेला आई एकटी जाते, मागे उभी राहते आणि काही न विचारता परतते. तिच्यासोबत वस्तीतल्या शिकलेल्या ताईने जावे, मुलाची उत्तरपत्रिका बघायला मागावी, जादा तास कधी आहेत ते लिहून घ्यावे. मूल कायम मागच्या बाकावर बसवले जाते का, त्याला फळ्यावर कधी बोलावतात का, झाडलोटीला कुणाला उठवतात, हे मुलाला सहज गप्पांत विचारा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मना आहे. तक्रार करायची वेळ आली तर ती लेखी, आधी मुख्याध्यापकांकडे, मग केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आणि पोच घेऊन करावी.

परीक्षेचे दिवस आणि नंतर

आदल्या रात्री अभ्यास नको. प्रवेशपत्र, दोन बॉलपेन, पट्टी आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवून मुलाला नऊला झोपवा. केंद्र तालुक्याच्या गावी असेल तर पहाटेच्या एसटीचा भरवसा न ठेवता चार-पाच मुलांनी मिळून गाडी ठरवावी. अभ्यासिकेच्या तरुणांनी हे एक काम अंगावर घ्यावे. पेपर सुटल्यावर 'किती बरोबर आले' हे विचारू नका, भूक लागली असेल.

वार्षिक परीक्षेत मूल नापास झाले तर पहिल्याच आठवड्यात शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा : कोणत्या विषयात किती गुण कमी पडले, जादा वर्ग कोण आणि कधी घेणार, पुनर्परीक्षेची तारीख काय. मे महिन्यात लग्नकार्याला, गावी किंवा कामावर जाण्याचे बेत त्या तारखेभोवती आखावे लागतील. पुनर्परीक्षेला गैरहजर राहिलेल्या मुलाची संधी तशीच जाते. त्या सहा-आठ आठवड्यांत सगळे विषय पुन्हा घेण्याची गरज नाही. ज्या विषयात अडले त्याचे पाठ्यपुस्तक आणि चुकांची वही, रोज दोन तास.

नवोदयची पहिली यादी लागली आणि नाव नसले तरी थांबा. निवड झालेली काही मुले कागदपत्रांअभावी किंवा घरच्यांनी पाठवले नाही म्हणून येत नाहीत, आणि त्या जागांसाठी पुढे प्रतीक्षा यादी लागते. तोपर्यंत सहावीचा प्रवेश जवळच्या शाळेत घेऊन ठेवा. पाचवीचा शाळा सोडल्याचा दाखला हातात आला की त्याच काउंटरवर उभे राहून नाव, जन्मतारीख, जात आणि धर्म हे चार रकाने वाचून घ्या. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्त करून मागा, आणि दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून मगच मूळ प्रत नव्या शाळेत जमा करा.